ग्राफिक्सचे मार्क वेगळेच ठेवा
कॉम्प्युटर गेम बनवण्याच्या स्पर्धांवरच्या लेखात म्हटलंय की परीक्षकांनी प्रत्येक गेमला एकच एकूण गुण द्यावेत, ते काही पटलं नाही. मागच्या वर्षी इथे पुण्यात एका कॉलेजच्या गेम स्पर्धेला माझी धाकटी बहीण उतरली होती, बसच्या गर्दीतून मागच्या दारातनं चढून पुढच्या दाराने उतरायचं एवढाच गेम, पण प्रत्येक माणूस तिने आलेखवहीत चौकोन रंगवून आधी काढला आणि मग गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला, आणि बक्षीस मिळालं विकतच्या थ्रीडी मॉडेल्सवाल्या गेमला! परीक्षकांनी हिचा गेम जेमतेम दोन मिनिटं खेळला, तिसऱ्या स्टॉपपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

लुडम डेअर ही गेम बनवण्याची ऑनलाइन स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली, तिथे मजा, कल्पकता, थीम, ग्राफिक्स, ऑडिओ सगळ्याला वेगवेगळे स्टार असतात आणि ४८ तासांच्या एकट्याच्या गटात सगळं त्याच वेळात स्वतः बनवावं लागतं, सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅमही द्यावा लागतो. तिथल्याच ७२ तासांच्या ‘जॅम’ नावाच्या दुसऱ्या गटात दुसऱ्याचं आर्ट चालतं, पण मग ग्राफिक्सच्या रेटिंगमधून आपणहून बाहेर राहायचं. किती साधं आहे हे! आपल्याकडच्या आयोजकांनी निदान काय स्वतः केलं नि काय उचललं हे फॉर्मवर लिहून घ्यावं, आणि प्रत्येक गेम किमान दहा मिनिटं तरी खेळावा हो.