केट बुश अडगळीत नव्हतीच

'एक गाणं गाऊन विस्मरणात गेलेली ब्रिटिश गायिका केट बुश. 1985मध्ये आपटलेलं तिचं "रनिंग अप दॅट हिल" 37 वर्षांनी "स्ट्रेंजर थिंग्ज" मालिकेत वाजलं आणि बाईंचं नशीब फळफळलं!' अशा आशयाची पोस्ट 2022पासून फिरतेय. खाली 'सबर का फल'छाप कमेंट्सचा पाऊस. गोष्ट गोड आहे, पण त्यातली 37 वर्षं आणि मालिका सोडली तर हाती काही उरत नाही.

मुळात गाणं आपटलं कुठे? 1985 साली ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर होतं. ते ज्या अल्बममध्ये आहे, त्या 'हाउंड्स ऑफ लव्ह'ने तर मडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ला पहिल्या जागेवरून खाली खेचलं. अमेरिकेत मात्र गाण्याची मजल 30व्या क्रमांकापर्यंतच. घोळ इथेच आहे. अमेरिकेने दखल घेतली नाही की जगानेच घेतली नाही, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो.

'एक गाणं' हा तर कहर. 1978मध्ये 19 वर्षांच्या केटचं 'वदरिंग हाइट्स' चार आठवडे ब्रिटनमध्ये अव्वल होतं. स्वतः लिहिलेलं गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर नेणारी ती पहिली गायिका. इएमआय या तिच्या रेकॉर्ड कंपनीला आधी दुसरंच गाणं बाजारात आणायचं होतं. ही पोरगी हटून बसली. 1980चा 'नेव्हर फॉर एव्हर' हा ब्रिटिश गायिकेचा अव्वल ठरलेला पहिला एकल अल्बम.

हट्टाचं म्हणाल तर तो पुढे वाढतच गेला. 1979च्या दौऱ्यात गाताना नाचायला हात मोकळे हवेत म्हणून तारेचा कपड्यांचा हँगर वाकवून त्यावर माइक बसवला होता. 1982चा 'द ड्रीमिंग' तिने एकटीने प्रोड्यूस केला. तो आधीच्या अल्बमांपेक्षा कमी खपला, कंपनी कुरकुरली, तेव्हा हिने आईवडिलांच्या शेतघराजवळ स्वतःचा स्टुडिओच थाटला. 'रनिंग अप दॅट हिल'ची ती चेलोसारखी धून फेअरलाइट नावाच्या संगणकी वाद्यावरची आहे. गाण्याचं मूळ नाव होतं 'अ डील विथ गॉड'. नावात देव असला तर काही देशांतले रेडिओ ते वाजवणार नाहीत, अशी कंपनीला धास्ती. तेवढी एक तडजोड तिने केली.

'विस्मरणात' म्हणावं, तर 1993 ते 2005 नवा अल्बम नव्हता, हे खरं. मुलाला वाढवत होती, आणि कामाच्या बाबतीत ती पहिल्यापासून संथच. पण 2014मध्ये, 1979च्या त्या दौऱ्यानंतर 35 वर्षांनी, तिने लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये सलग कार्यक्रम जाहीर केले, तेव्हा 22 प्रयोगांची तिकिटं पाऊण तासही टिकली नाहीत. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या टॉप 40मध्ये तिचे एकाच वेळी आठ अल्बम होते. विसरलेल्या गायिकेचे?

राहिलं नशीब. ती आपली गाणी वापरायला सहसा देत नाही. मालिकेवाल्यांना तिची परवानगी मागावी लागली आणि ती मिळाली, कारण बाई स्वतः ती मालिका आवडीने बघत होत्या. गाण्याचा प्रसंग काय, हेही आधी तिला कळवावं लागलं.

मालिकेचं श्रेय नाकारायचं कारण नाही. त्या उन्हाळ्यात गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्यावरून पहिल्यावर गेलं आणि अमेरिकेत 30व्यावरून तिसऱ्यावर. कितीतरी पोरांनी तिचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ती नवी होती, एवढंच.