कॉलेज बंद राहिलं तरी ‘काही बिघडत नाही’?

रेड अलर्ट आला की रत्नागिरी-रायगडात सुट्टीचा आदेश निघतो आणि त्यामागोमाग एक मेसेज फिरतो: कॉलेज बंद राहिलं म्हणून काही बिघडत नाही, सगळं मोबाइलवर मिळतं, करोनात बंद असूनही निकाल उत्तम लागले, आणि राहिलेले तास नंतर भरून निघतात.

सुट्टीला माझा विरोध नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते विसरण्यासारखं नाही. जीव आधी. पण मुलांचं नुकसान होतच नाही, हे म्हणणं साफ खोटं आहे.

आधी निकालाचं बघू. २०२१ चा बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला तो लेखी परीक्षा न घेता, मागच्या इयत्तांचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन धरून. पूर्ण अभ्यासक्रमावर परीक्षा झाली त्या २०२३ मध्ये तो ९१.२५ टक्क्यांवर आला. मग त्या ९९.६३ वरून मुलं काय शिकली, हे कसं ठरवणार?

मोबाइलवर व्याख्यान मिळतं, हे खरं. पण रसायनशास्त्राच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून मोजायच्या प्रयोगात, ब्युरेट या मापनळीचा नळ कुठल्या थेंबाला बंद करायचा, ते हाताला सरावानेच कळतं. वनस्पतिशास्त्राचं तर याहून कठीण. रत्नागिरीच्या कातळसड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाच्या सुरुवातीला दिपकाडी फुलते, पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद. नेमके हेच महिने अलर्टचे. तेवढे आठवडे हुकले की फूल पुढच्या पावसाळ्यातच दिसणार, आणि तोवर ती बॅच पुढच्या वर्गात गेलेली असते. जगभरचे अभ्यासक जे बघायला इथे येतात, ते इथल्याच मुलांनी पीडीएफमध्ये बघावं, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय त्याच पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथे कसलं ऑनलाइन?

‘दोन दिवसांनी काय होतं?’ एकदाच असतील तर फारसं नाही. पण पुन्हा पुन्हा खंड पडला की अकाउंट्स, कॅल्क्युलससारख्या विषयांत दर वेळी मागचं आठवून देण्यातच पहिला तास जातो. म्हणजे बुडालेल्या दिवसांपेक्षा बुडालेलं शिकणं जास्त.

राहिले जादा तास. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे साठ तास, साधारण पंधरा आठवड्यांत विभागलेले. ते शेवटच्या पंधरवड्यात कोंबले की शिकवून होतं, पण उदाहरणं सोडवायला आणि अडलेलं विचारायला उसंत उरत नाही. त्यात हे तास लागतात संध्याकाळकडे. आतल्या गावाची शेवटची एसटी गाठायची म्हणून वर्गातून उठावं लागतं ते वाडीवरच्या मुलीला. शहरात राहणारी मुलं बसून राहतात.

म्हणून सुट्टी लागली की बुडालेल्या प्रॅक्टिकलची नवी तारीख कॉलेजने त्याच आठवड्यात फलकावर लावावी, जादा तास एसटीच्या वेळा बघून ठेवावेत, आणि मुंबई विद्यापीठाने परीक्षेच्या तारखा ठरवताना गुहागर-मंडणगडच्या कॉलेजांत प्रत्यक्ष किती तास झाले, ते आधी विचारावं.