पुन्हा पहिल्यापासून कशासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोगलाइक (‘रोग’ या जुन्या गेमच्या धर्तीवरचे, पात्र मेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागणारे संगणकीय गेम) म्हणजे अक्षरांनी भरलेला काळा पडदा आणि सगळा नशिबाचा कारभार. पात्र मेलं की तासन्‌तासांची मेहनत पाण्यात, आणि आजही लोक हे खेळतात ते निव्वळ जुन्या आठवणींपोटी.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लगेच निकालात निघतो. ‘रोग’ १९८०चा, हे खरं. पण याच प्रकारातला ‘ब्रोग’ आला २००९मध्ये आणि ‘केव्ज ऑफ कड’ची १.० आवृत्ती डिसेंबर २०२४मध्ये. आज विशीत असलेल्याला यात कसली जुनी आठवण येणार?

नशिबाचं म्हणाल तर ‘नेटहॅक’ हा रोगलाइक घेऊ. डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेलं भुयार, दर डावाला नवं, औषधांचे रंग बदललेले, हाताला काय लागेल याचा नेम नाही. तरी सराईत खेळाडू लागोपाठ डाव जिंकतात, तेही सार्वजनिक सर्व्हरवर, सगळ्यांदेखत. हे जमतं, कारण हा गेम तुमच्यासाठी थांबतो. तुम्ही कळ दाबेपर्यंत तिथलं पानही हलत नाही. चार हिट पॉइंट (म्हणजे जीव) उरलेत आणि समोर ट्रोल राक्षस उभा आहे? खुशाल चहा करून या, मग पिशवीतली एकेक वस्तू बघत विचार करा.

आता पडद्यावरचा तो पिवळा ‘सी’ (c) बघा; इथे प्रत्येक राक्षस एका अक्षराने दाखवतात. तो कॉकॅट्रिस. हातमोजे न घालता त्याला ठोसा मारलात, तर तुमचा जागच्या जागी दगड होतो. मोजे असतील तर त्याचंच मढं उचलून शस्त्र म्हणून वापरता येतं, आणि मग बहुतेक शत्रूंचा एका फटक्यात दगड. मात्र ते मढं हातात असताना खड्ड्यात पडलात, तर मोजे असूनही ते अंगाला लागतं आणि खेळ खलास! नियम एकच, फक्त तो सगळीकडे शेवटपर्यंत पाळलेला. मला या गेमचं अपार प्रेम आहे ते यासाठी.

मेहनत पाण्यात जाते, हे मला म्हणूनच पटत नाही. पुढच्या डावात जुनी तलवार नसते, पण पिवळ्या ‘सी’चं काय करायचं हे तुम्हाला ठाऊक असतं. शिवाय मागचा सेव्ह उघडता आला असता, तर अनोळखी औषध तोंडाला लावताना कुणाचा हात थबकला असता?

एक गोष्ट मान्य. ‘नेटहॅक’ नवख्याला फारच कमी सांगतो, आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. म्हणून सुरुवात ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’पासून करा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, अक्षरांऐवजी चित्रं आहेत. ‘ओ’ दाबलं की पात्र आपोआप फिरतं आणि राक्षस दिसताच थांबतं. पात्र मेल्यावर गेम पडद्यावरचे शेवटचे संदेश फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल सावकाश वाचा, आणि पळून जायची संधी नेमकी कुठे हुकली ते मला इथेच कळवा.