'बोका कुंथत होता आणि तुम्ही उद्या या म्हणालात' या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या जनावरांच्या दवाखान्याला एकच तारा दिलात, तो का दिलात हे मी काल रात्री दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं असं: संध्याकाळी फोन केला तेव्हा 'उद्या सकाळी घेऊन या' असं सांगितलं गेलं. सकाळी बोका मान टाकून पडला होता, तरी आम्ही आधी रक्त तपासत बसलो. नंतर चार दिवस उगाच ठेवून घेतलं, आणि साधं अँटिबायोटिकही दिलं नाही.

पहिली तक्रार पूर्ण खरी आहे. चूक आमची आहे आणि मी तुमची मनापासून माफी मागते. तुम्ही फोनवर म्हणालात, 'सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, पोट साफ होत नसावं.' फोन घेणाऱ्या मुलाने पोटाचं तेवढं ऐकलं. त्याने विचारायला हवं होतं, शेवटची लघवी कधी झाली? हा प्रश्न विचारायचा असतो हे त्याला शिकवणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

पोट साफ होत नसलं काय किंवा लघवी तुंबली काय, बोका दिसतो सारखाच. ट्रेमध्ये खेटे घालतो, ओरडतो, मागचा भाग चाटत बसतो. त्यामुळे तुमचा अंदाज चुकला यात तुमचा काहीच दोष नाही. पण बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. मांजरीची आखूड आणि रुंद असल्यामुळे तिला हा त्रास क्वचितच होतो. बोक्यात तिथे चिकट स्राव, पेशी आणि खनिजांचे बारीक कण मिळून बूच बसतं. मूत्राशय फुगून चेंडूसारखा कडक होतो, मूत्रपिंडं काम सोडतात आणि लघवीवाटे जायचं पोटॅशियम रक्तात साठू लागतं. त्याने हृदय मंदावतं. पूर्ण तुंबल्यावर दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीच, बोका दगावतो. तुमच्याकडची ती एक रात्र म्हणून फार महाग होती.

आता रक्ततपासणीचं. नळी मोकळी करायला भूल द्यावी लागते, आणि पोटॅशियम खूप वाढलेलं असताना तशीच भूल दिली तर हृदय टेबलावरच बंद पडू शकतं. म्हणून आधी रक्त आणि ईसीजी, मग हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, पोटॅशियम पेशींमध्ये परत पाठवायला इन्शुलिन आणि ग्लुकोज, आणि त्यानंतर कॅथेटर, म्हणजे लघवीच्या वाटेत घालायची बारीक नळी. हा क्रम मी उद्याही बदलणार नाही. मात्र तुम्ही बाहेर बाकावर बसून होतात आणि आत काय चाललंय हे सांगायला आमच्यातलं कोणीही आलं नाही, हेही चुकलंच.

चार दिवसांबद्दल. अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडं एकदम भराभर लघवी करू लागतात. इतकी, की सलाईन कमी पडलं तर जनावर सुकून जातं. किती गेली ते मोजायचं आणि तेवढं आत द्यायचं, दिवसरात्र. कॅथेटर काढल्यावरही तो आपला आपण लघवी करतो हे पाहिल्याशिवाय घरी पाठवणं मला पटत नाही, कारण सुरुवातीच्या दिवसांत पुन्हा तुंबण्याची भीती बरीच असते.

अँटिबायोटिक मुद्दाम दिलं नाही. तरुण बोक्यांमध्ये या दुखण्याच्या मुळाशी जंतू क्वचितच असतात. लघवीच्या तपासणीत जंतू दिसले असते तर लगेच सुरू केलं असतं. त्याला खरी गरज होती ती वेदनाशामकाची, आणि ते पहिल्या दिवसापासून चालू होतं.

तुमच्या फोननंतर आमच्या टेलिफोनशेजारी एक कागद चिकटवला आहे. 'बोका कुंथतोय' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न लघवीचा. होत नसेल किंवा नुसते थेंब पडत असतील तर ताबडतोब आणायला सांगायचं, आणि मला उठवायचं. त्याच कागदावर मी आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत, कारण घाबरलेले लोक हे करून बसतात: पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतो, आणि घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराचं शरीर ती पचवू शकत नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते.

पुढच्या तपासणीला मी स्वतः असेन. तोवर पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, कोरड्या खाण्याऐवजी ओलं द्या, आणि घरात दुसरं मांजर असेल तर ट्रे वेगळे करा, कारण ताणानेही हे दुखणं उलटतं. ट्रे साफ करताना वाळूचे ओले गोळे रोज मोजून लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन या. गोळे अचानक लहान झाले किंवा एकही दिसला नाही, तर तारखेची वाट पाहू नका. कितीही वाजले असले तरी फोन करा.