अमला-कमलाची गोष्ट जरा जपून सांगा

‘लांडग्यांनी वाढवलेल्या अमला-कमला हातापायांवर चालत, अंधारात त्यांचे डोळे चमकत, माणूस परिस्थितीने घडतो तो असा,’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. १९२० ची ही हकिगत मुख्यतः बंगालमधल्या मिदनापूरच्या अनाथाश्रमाचे चालक रेव्हरंड सिंग यांच्या सांगण्यावर उभी आहे. आणि डोळे? लांडग्याच्या, मांजराच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. माणसाच्या नसतो, मग तो कुठल्याही गुहेत वाढो!

निष्कर्ष मात्र अगदीच खोटा नाही. रोमानियात २००० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात अनाथाश्रमासारख्या संस्थांमधल्या १३६ मुलांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. त्यांचा बुद्ध्यांक संस्थेत राहिलेल्यांपेक्षा वाढला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा जास्तच.