'फुकटच्या गेमचे ८०० रुपये उकळले' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

माझ्या 'जागल' या टीव्ही गेमच्या कॅसेटीने तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल माफी. एक स्टार देणं तुमच्या मर्जीचं. पण नेटवर फुकट असलेल्या गेमचे ८०० रुपये उकळतात, गेममधले रोही (नीलगायी) लुकलुकतात, फुंकर मारल्याशिवाय कॅसेट चालत नाही, हे सगळं एका दमात लिहिलंत, ते जिव्हारी लागलं.

'जागल'ची फाइल फुकट आहे आणि फुकटच राहील. ज्या सीए६५ असेंब्लरवर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) गेम लिहिला तो मला फुकट मिळाला, ज्या इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) तपासला तोही. त्यावर शिकून मी फाइलला कुलूप लावलं तर माझी मलाच लाज वाटेल. कुणी खुशीने पन्नास-शंभर पाठवतं, बहुतेक जण पाठवत नाहीत. तक्रार नाही.

कॅसेटीला मात्र खर्च येतो. आत दोन ईप्रॉम, म्हणजे गेम साठवायच्या चिपा लागतात, प्रोग्रामसाठी ३२ केबीची, चित्रांसाठी ८ केबीची. मला मिळतात त्या जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या. आधी यूव्ही दिव्याखाली पुसायच्या, काही तर पुसल्याच जात नाहीत, ते नुकसान माझं. वर साठ पिनांचा बोर्ड, खोकं, लेबल, आर्वीहून स्पीड पोस्ट. साडेपाचशेच्या वर तर खिशातूनच जातात. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान बंद करून रात्री सोल्डरिंगला बसतो, त्याची मजुरी उरलेल्यात धरा. आणि भाव ९०० होता, भाऊ. "फाइल तर फुकटच आहे ना, मग कमी करा" म्हणत रात्री साडेअकरापर्यंत व्हॉट्सॲपवर घासाघीस करून ८०० तुम्हीच ठरवले. लेबलवर मुलाचं नाव टाकायला सांगितलंत, तेही टाकलं, वेगळा पैसा घेतला नाही. रिव्ह्यूत यातलं काहीच कसं आलं नाही बाप्पा?

फाइल वाटू देतो पण कॅसेटी भरून विकू देत नाही, याला तुम्ही दुटप्पीपणा म्हणता. अहो, पेन ड्राइव्हमध्ये टाकून अख्ख्या गावाला द्या, मीच चहा पाजतो. पण माझाच गेम भरून कुणी यात्रेत दुकान मांडलं, तर माझी कॅसेट कोण घेईल?

राहिली लुकलुक. टीव्ही गेमचं मशीन पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलती छोटी चित्रं दाखवतं. आमचा रोही दोन स्प्राइट रुंद, म्हणजे चार रोह्यांत कोटा संपला. पाचवा त्याच ओळीत आला की सगळ्यांना आळीपाळीने दाखवावं लागतं. १९८३ च्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम मशीनची रचनाच तशी, आणि आपल्याकडचे टीव्ही गेम त्याचीच नक्कल. चारच ठेवले असते तर लुकलुक गेली असती, पण तुरीत शिरलेला कळप चारावर थांबतो का, कोणत्याही कास्तकाराला विचारा.

फुंकर तर मारूच नका. तोंडाची वाफ पिनांवर बसते आणि त्या गंजतात. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवलेला इअरबड फिरवा, कोणत्याही मोबाइलवाल्याकडे मिळेल. पाठवण्याआधी कॅसेट इथे दोन मशिनींवर चालवून व्हिडिओ तुम्हाला पाठवला होता. निळी टिक आलेली आहे. तुमच्या मशीनचा स्लॉट ढिला असावा असं मला वाटतं.

तुमचा रिव्ह्यू वाचून दोघांनी ऑर्डर थांबवली. दुकानाच्या धंद्यात आधीच दम नाही, म्हणून एवढं लिहिलं. पुढच्या लॉटमध्ये किमतीचं, पॅकिंगचं काहीतरी बघतो. फुकट काय आणि विकत काय, हेही पानावर ठळक टाकतो. कॅसेट नकोच असेल तर परत पाठवा, ८०० लगेच यूपीआय करतो. लेबलवर मुलाचं नाव असल्यानं ती दुसऱ्या कुणाला खपणार नाही, तरी घेतो.