रंगपूर लाईमच्या खुंटाविषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

काटोल, नरखेड, वरूड भागातील संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्यात म्हटले आहे की नागपुरी संत्र्याच्या बागा वाळण्याला जंबेरी या लिंबाचा खुंट, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात ते मुळाकडचे रोप, जबाबदार आहे. रंगपूर लाईम या दुसऱ्या लिंबावर डोळा बांधलेल्या कलमा लावल्या की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येत नाही. या खुंटाची रोपे एकसारखी निघतात. ब्राझीलने हाच खुंट वापरून संत्र्यात आघाडी घेतली. जमीन कशीही असली तरी तो चालतो, आणि ऐपत असेल तर त्याहून सरस असा ट्रायफोलिएट हा खुंट घ्यावा, असा या संदेशाचा आशय आहे. रंगपूर लाईम हा चांगला खुंट आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या खात्रीबद्दल.

पहिला मुद्दा जंबेरीवरील ठपक्याचा. मूळकूज आणि डिंक्या यांना हा खुंट लवकर बळी पडतो आणि त्यावरील फळात साखर काहीशी कमी भरते, हे खरेच आहे. परंतु जोमदार वाढ, खोल जाणारी मुळे आणि ट्रिस्टेझा विषाणू सहन करण्याची ताकद या गुणांमुळेच विदर्भाने तो इतकी वर्षे वापरला. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत, बहार धरण्यासाठी (फुले यावीत म्हणून) वाजवीपेक्षा जास्त दिवस पाणी तोडून ताण दिलेली आणि खताविना ठेवलेली बाग वाळली, तर तो सगळा दोष खुंटाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही.

‘रंगपूरला डिंक्या येत नाही’ हे विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून लोक बाकीची काळजी सोडून देतात. डिंक्या फायटोफ्थोरा या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू मातीतल्या मोकळ्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत आणि खोडापर्यंत पोहोचतात. रंगपूर जंबेरीच्या तुलनेत थोडा अधिक सहनशील आहे, रोगमुक्त नाही. शिवाय खुंट कोणताही असला तरी डोळ्याच्या वरची साल संत्र्याचीच असते आणि ती या बुरशीला सहज बळी पडते. म्हणूनच डोळा जमिनीपासून सुमारे 9 इंचांवर बांधलेला असावा, लागवडीत तो मातीखाली जाऊ नये आणि खोडाला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावे, असे सांगितले जाते. डोळा चार बोटांवर बांधलेला आणि त्यावर मातीची भर चढवलेली असेल, तर रंगपूरचा खुंट तिथे काहीही करू शकत नाही.

कलमा घेताना एखादी पिशवी फाडून मुळे पाहावीत. तंतुमुळे पांढुरकी आणि टणक असतील तर ठीक. ती तपकिरी असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल सुटून आत नुसता दोरा उरत असेल, तर रोग रोपवाटिकेतूनच तुमच्या शेतात येत आहे. पिशवी फाडू न देणाऱ्या ठिकाणाहून, माझ्या मते, रिकाम्या हाताने परतलेले बरे.

एकसारख्या रोपांबद्दल थोडक्यात सांगता येईल. जंबेरी आणि रंगपूर या दोघांच्याही एका बीमधून एकाहून अधिक रोपे निघतात, त्यांतली बहुतेक मातृवृक्षासारखी आणि काही वेगळी असतात. अति खुरटी, अति उंच किंवा वेगळ्या पानांची रोपे डोळा बांधण्यापूर्वी उपटून टाकणे हे रोपवाटिकेचे काम आहे. ते झाले नाही तर दोन्ही खुंटांवरची बाग उंचसखल दिसते.

ब्राझीलचा दाखला अर्धाच सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे आंबट संत्र्याच्या खुंटावरील लक्षावधी झाडे ट्रिस्टेझाने मेली. त्यानंतर ट्रिस्टेझा आणि अवर्षण दोन्ही सोसणारा म्हणून रंगपूर पुढे आला आणि साओ पावलो राज्यातील बहुसंख्य झाडे त्या एकाच खुंटावर उभी राहिली. 2000 सालाच्या आसपास मिनास जेराइस आणि उत्तर साओ पावलोमध्ये याच खुंटावरील मोसंबीवर्गीय झाडे अचानक मरू लागली. खुंटाची साल काढली की आतला भाग पिवळा पडलेला दिसे. मग तिथल्या बागायतदारांना क्लिओपात्रा, स्विंगल अशा निरनिराळ्या खुंटांकडे वळावे लागले. ब्राझीलकडून काही घ्यायचे असेल, तर सगळी बाग एका खुंटावर लावू नये, एवढेच घेता येईल. संदेश मात्र नेमके उलट सांगतो.

राहिला जमिनीचा आणि ट्रायफोलिएटचा प्रश्न. मूळकूज, सूत्रकृमी आणि थंडी यांना तोंड देण्यात ट्रायफोलिएट सरस आहे, हे मान्य. पण चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत त्याला लोह मिळत नाही. पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, असे त्यावरील झाडाचे कोवळे शेंडे दिसतात. स्विंगलचीही तीच तक्रार असते. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली चुनखडी असा प्रकार जागोजागी आढळतो. रंगपूर चुनखडी बरीच सोसतो, म्हणून ‘कशीही जमीन’ म्हणणाऱ्यांना धीर येतो, पण पाणी न निचरणाऱ्या चोपण जमिनीत त्याचीही मुळे कुजतात. म्हणून कलमांची मागणी नोंदवण्याआधी शेतात दोन-तीन ठिकाणी कंबरभर खड्डा खणावा, थराथराची माती तपासायला द्यावी आणि खड्ड्याच्या भिंतीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकून पाहावेत. माती जोरात फसफसली तर ट्रायफोलिएटचा विचार तिथेच सोडावा, आणि तपासणीत चुनखडी 10 टक्क्यांहून जास्त निघाली तर त्या तुकड्यात संत्र्याचाही.